कढई न चढलेला पाडवा

कडुनिंबाला फुलोरा आला की आमच्या घरात वाद सुरू होतो. झाड चाळीच्या मागे, मिठागराच्या बांधावर आहे, पण वाद पुढच्या खोलीत असतो. बाकीच्यांना म्हणे चैत्रात पालवी दिसते, मन हलकं वगैरे होतं. मला फक्त सासूबाईंचा आवाज ऐकू येतो, "कढई घासलीस का गो?" पाडव्याला अजून आठवडा असतो. कढई घासलेली असते. तरी त्या ती उचलून दारातल्या उजेडात धरतात, बोट फिरवतात, आणि मी लग्नानंतर इतक्या वर्षांत काहीच शिकले नाही असा चेहरा करून खाली ठेवतात. तसं ते खरंच आहे. माझ्या पुऱ्या अजूनही फुगायच्या आधी विचार करतात.

पाडव्याच्या दिवशी तर कहर असतो. गुढीची काठी पुसलेली नसते, ह्यांची दाढी व्हायची असते, आणि आमच्याकडे पहाटेच तेल तापलेलं. दार सताड उघडं. आधी पुरी, मग गुढी. शेजारणी विचारतात, ही कुठली तुमची उलटी रीत? मी सांगते, रत्नागिरीकडची. रत्नागिरीहून कोणी आलं आणि त्यांनी विचारलं की सांगते, भाईंदरची. खरं उत्तर द्यायचं तर पाच वर्षं मागे जावं लागतं, आणि मध्ये रशिया येतो, अमेरिका येते, बिहार येतं, मुंबईचं बंदर येतं. एवढं सगळं हातात लाटणं धरून कोण सांगणार?

आज लाटणं बाजूला ठेवलंय. सांगते.

मी लग्न होऊन भाईंदरला आले तेव्हा मला वाटायचं, रोग हे गरिबांचं आणि डॉक्टरांचं आपसातलं प्रकरण आहे. सरकारांचा त्याच्याशी संबंध असतो हे मला दंडावर कळलं. साठ सालानंतर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ फिरत होती. जत्रेला जायचं तर सुई, गावाला जायचं तर सुई. एसटीत चढायच्या आधी माणूस बाही वर करून उभा राहायचा आणि दोन दिवस हात सुजवून बसायचा. पुढे हाँगकाँगचा ताप आला. अख्खी चाळ आडवी झाली. मी तर पेपरात लक्षणं वाचली त्याच संध्याकाळी आडवी झाले, आणि हे म्हणाले, "तुला वाचून ताप येतो, तू पेपर नको वाचू." सासूबाई मात्र काढा ढवळता ढवळता एकच विचारत राहिल्या, "तापाला गावाचं नाव कशाला? तिथल्या लोकांनी काय पाप केलं?" मी म्हटलं, "आई, जिथून आला ते सांगायला." त्या म्हणाल्या, "मग आपल्याकडून गेला तर आपलं लावतील." तेव्हा मी हसले होते. हसायला माझं काही जात नव्हतं.

तर पाच वर्षांपूर्वीचा, चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा. मिठागरात मिठाच्या राशी पडल्या होत्या आणि दुपारी त्यांच्याकडे बघवत नव्हतं. खाडीवरून खारट गरम वारा यायचा, त्यात डोंगरी-उत्तनकडच्या वाळत्या बोंबलांचा वास. घरात मात्र वेगळीच हवा होती, कारण माझा दीर शशी जहाजावर निघाला होता. परदेशी मालवाहू जहाज, भटारखान्यात मदतनीस. कांदे सोलायचे, पण समुद्रावर. आमच्या घरात रत्नागिरी-भाईंदर यापलीकडे कोणी गेलेलं नव्हतं. शशीने तर बंदराच्या इतक्या फेऱ्या मारल्या होत्या की चपलांचा अंगठा दोनदा शिवला. देवीची लस, पटकीची लस, आणखी कसल्या तरी पिवळ्या तापाची लस. त्याचा दंड म्हणजे नकाशा झाला होता. "वहिनी, एवढ्या देशांना माझी एवढी भीती वाटते हे मला माहीतच नव्हतं," असं म्हणून तो बाही गुंडाळून चाळभर दाखवत फिरायचा. पाडव्यानंतरच्या शनिवारी जहाज सुटणार होतं.

आणि पाडव्याच्या दोन दिवस आधी आमच्या बाळूला ताप भरला.

बाळू तेव्हा चार वर्षांचा. उशिरा झालेला, त्यामुळे त्याला शिंक आली तरी सासूबाई एखाद्या देवाला नारळ बोलायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पोटावर, पाठीवर पाण्याने भरलेले फोड दिसले. मला बघताक्षणी कळलं, कांजिण्या. शेजारच्या दोन पोरांना महिन्यापूर्वी येऊन गेल्या होत्या. सासूबाईंनी मात्र पोराच्या कपाळाला हात लावला, स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "आल्या."

"आई, कांजिण्या आहेत."

"लहान असोत, मोठ्या असोत. आल्यात त्या पाहुण्या. त्यांचा मान राखायचा."

मान राखायचा म्हणजे कडुनिंबाचा पाला दाराला, पाला उशाशी. घरात विंचरायचं नाही, ह्यांनी दाढी करायची नाही. आणि मुख्य म्हणजे चुलीवर फोडणी नाही, तळण नाही. तेल तापलं की देवीचा दाह होतो आणि तो पोराच्या अंगावर उतरतो. देवी गेल्या की पाल्याच्या पाण्याने अंघोळ, दहीभाताचा नैवेद्य, मग कढई. तोवर वरण पांढरं, भाजी उकडलेली. मी मुळातच अळणी स्वयंपाक करते असा माझा लौकिक आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण बाहेर बोंब काय चालली होती, ते सांगायला हवं. सरकारने देवीच्या रोगामागे कंबर कसली होती. बिहारात रोग पेटला होता. भिंतींवर चित्रं लागली होती, देवीचा रोगी दाखवा, बक्षीस मिळवा. घरोघर माणसं फिरत होती, एका मुलाचं फोडांनी भरलेलं तोंड छापलेला पुठ्ठा दाखवत, "असं कोणी आहे का?" लस म्हणे रशियाची, सुई म्हणे अमेरिकेची. एरवी या दोघांचं चंद्रापासून चहापर्यंत कशावरही पटत नव्हतं, ते आमच्या दंडावर एकत्र आले होते. हे चांगलंच होतं. मी नाही म्हणत नाही. पण पुरळ आणि ताप दिसला की तपासणी होईपर्यंत तो देवीचाच धरायचा, घरावर पहारा बसवायचा, असा नियम होता. आणि शशीचं जहाज शनिवारी होतं.

सासूबाईंनी त्या रात्री फक्त एवढंच सांगितलं, "बाळूला आतल्या खोलीत ठेवा. कुणी विचारलं तर झोपलाय."

"आणि दाराचा पाला?" शशीने विचारलं.

"उद्या पाडवा. सगळ्यांच्याच दाराला असणार."

मी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंकडे कौतुकाने बघितलं. फार वेळ टिकलं नाही ते.

पाडव्याच्या सकाळी वरसाव्याकडून धुरळा उडवत एक जीप आली. जीपमधून एक उंच, लाल मानेचा साहेब उतरला आणि त्याच्यामागे एक बारीक, चष्मा लावलेले डॉक्टर. मिश्राजी त्यांचं नाव. बिहारचे, मुंबईला येऊन आठवडा झालेला. साहेब कुठल्या देशाचा ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. तो बिहारमध्ये वर्षभर राहून आला होता आणि तिथे एक गोष्ट पक्की शिकला होता. दारावर कडुनिंबाचा पाला दिसला, की आत देवीचा रोगी.

आता डोळ्यांपुढे आणा. चैत्र शुद्ध प्रतिपदा, आमची बैठी चाळ, पुढे दुसरी चाळ, तिच्यापुढे आगरी लोकांची घरं. एकूण एक दाराला कडुनिंब. काठ्यांवर पालथी भांडी, त्यांना डहाळ्या. साहेब जीपपाशी थिजला. मिश्राजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. तरी पाला तेवढाच. मिश्राजी कळवळून म्हणाले, "हे भगवान! पूरा मुहल्ला?"

त्यांना शुद्धीवर आणलं मेरीबायने. ही डोंगरीची. सुकी मासळी घेऊन आमच्या चाळीत यायची, घरच्यासारखी. पाडव्याला मासळी कोण घेणार म्हणून पाटी खाली ठेवून गंमत बघत बसली होती. साहेब सगळ्या दारांकडे बोट दाखवतोय आणि तिच्या गळ्यातल्या क्रूसाकडे बघून मान हलवतोय, हे तिने टिपलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "आमच्या दाराला क्रूस हाय, तं याला वाटते रोग न्हाय. तुमच्या दाराला पाला हाय, तं रोग हाय! आरं साहेबा, सन हाय, सन! गोडधोड खाऊन जा."

मग काय! चाळीने हसून घेतलं. मिश्राजींना हिंदीत पाडवा समजावण्यात आला, त्यांनी साहेबाला इंग्रजीत समजावला, आणि पालथ्या भांड्यापाशी दोघांचं गाडं अडलं ते अडलंच. साहेब चांगला माणूस असावा, कारण तोही स्वतःवर हसला. घरोघरच्या बायकांनी पुरी-श्रीखंड पुढे केलं. पुढच्या चाळीत तळण, शेजारी तळण, वाऱ्याला पुरीचा वास. दोघं खात खात, पुठ्ठा दाखवत, दारं मागे टाकत आमच्याकडे सरकत होते.

मी मात्र आत सासूबाईंच्या पाया पडायची बाकी होते. "आई, दोनच पुऱ्या. वास येऊ दे नुसता. मी तळून फेकून देते हवं तर."

"पोराच्या अंगावर त्या बसल्यात आणि तू तेल तापवतेस?"

"आई, शशीचं जहाज—"

"जहाज तरंगवणारी पण तीच आहे. मला शिकवू नको."

शशी कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. एरवी चाळभर बडबडत फिरणारा हा माणूस. त्या दिवशी तो आईकडे बघत होता, माझ्याकडे बघत होता, आणि दोघींपैकी कुणालाच काही म्हणत नव्हता. मला त्याचा राग आला. वाटलं, तू एक शब्द बोल, मी आत्ता कढई चढवते. तो नाही बोलला. बाळू त्याचाही लाडका होता.

दार वाजलं. सासूबाई पदर खोचून दारात. "पाडवा आहे आमचा," त्यांनी आधीच सांगून टाकलं. साहेबाने हसून हात जोडले. तो वळलासुद्धा. मिश्राजी मात्र उंबऱ्यावर थांबले. पुठ्ठा त्यांनी खाली केला होता. ते आत बघत नव्हते, नाक किंचित वर करून उभे होते.

"माताजी," ते अगदी हळू म्हणाले, "सबके घर कढ़ाई चढ़ी है। आपके यहाँ आज त्योहार के दिन भी नहीं?"

सासूबाईंनी दाराची चौकट धरली.

"हमारी माँ भी नहीं चढ़ाती थी," मिश्राजी म्हणाले. "जब मैया आती थीं।"

झालं. पुठ्ठा नाही, बक्षीस नाही, नियम नाही, आम्हाला पकडलं ते त्यांच्या आईने. सासूबाईंनी दारातून बाजू दिली. का दिली, हे मी पुढे कितीदा तरी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला माहीत होतं. माहीत असलेल्यापाशी काय लपवायचं?"

साहेब जमिनीवर मांडी घालून बसला. त्याला ती नीट जमली नाही, गुडघे कानापाशी आले. बाळूचे तळवे बघितले, तळपाय बघितले, पोट बघितलं. मोठ्या देवी असत्या तर तळव्यांवर उठल्या असत्या. तळवे कोरे होते. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. कांजिण्याच. बाळू साहेबाच्या लाल मानेला हात लावून बघत होता आणि विचारत होता, "तुला पण आल्या?"

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच भांड्यासकट खाली गेला. कारण कांजिण्या असल्या तरी फोडातलं पाणी दिल्लीला जाणार. दिल्लीचं उत्तर येईपर्यंत संशय. संशय म्हणजे पहारा. आणि बंदराच्या डॉक्टरला कळवणं साहेबाला भागच होतं.

"त्याला विचारा," सासूबाई मिश्राजींना म्हणाल्या, "माझा पोर शनिवारी जायचा आहे. त्याच्या अंगावर एक पुरळ नाही. हात बघा त्याचा, चाळण झाली आहे टोचून."

साहेबाने शशीचा दंड बघितला. खरंच प्रामाणिकपणे बघितला. शशी सुरक्षित आहे अशी चिठ्ठीही लिहून दिली. मग त्याने मिश्राजींमार्फत विचारलं, तुम्ही आधी का नाही सांगितलं? लपवलं का?

सासूबाईंनी उत्तर द्यायला जराही वेळ घेतला नाही. "सांगितलं असतं तर पोराला जाऊ दिलं असतंत का?"

मिश्राजींनी भाषांतर केलं. साहेब टोपी हातात घेऊन गोल गोल फिरवत राहिला. त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते त्याचं नव्हतं. ते कुठल्या तरी दूरच्या कचेऱ्यांचं होतं.

पहारा बसायच्या आधी चिठ्ठी घेऊन हे बंदरावर गेले. तिथल्या माणसाने "रोग्याच्या घरातला" एवढं वाचलं आणि पुढचं वाचायचे कष्ट घेतले नाहीत. तो तरी काय करणार? वाटेत जेवढी बंदरं तेवढे देश, आणि एकाने जरी जहाज अडवलं तर कांदे सोलणाऱ्या शशीपायी अख्खा माल कुजणार. कप्तानाने दुसरा मदतनीस घेतला. गोव्याचा होता म्हणे. चांगला मुलगा असेल बिचारा.

शनिवारी आमच्या दारात पहारेकरी बसला होता. सासूबाई त्याला पांढरं वरण वाढत होत्या. आणि त्याच आठवड्यात साहेब आपल्या देशात गेला, कसलीशी बैठक होती. विमानाने. माझा सगळा संताप जो आहे तो इथे आहे. साहेबाने बाळूच्या फोडांना बोट लावलं, त्याला मांडीवर घेतलं, तो आमच्या घरचं पाणी प्यायला, सात समुद्र ओलांडून गेला आणि त्याला कुणी अडवलं नाही. शशी बाजूच्या खोलीत झोपत होता, तो भाईंदरहून बंदरापर्यंत पोचला नाही. लस दोघांनाही एकच टोचली होती. रशियाचीच. मग फरक कुठला? मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "पासपोर्टचा रंग." मी म्हटलं, "रोगाला रंग दिसतो?" हे म्हणाले, "रोगाला नाही गं दिसत."

पुढे मे महिन्यात आपण राजस्थानात अणुस्फोट केला. चाळीत पेढे वाटले. बाहेरदेशच्या पेपरांत म्हणे आलं, हा बघा देश, एका हातात बॉम्ब, दुसऱ्या हातात देवी. हे तावातावाने वाचून दाखवत होते. मला राग यायला हवा होता, पण मी शशीकडे बघत होते. तो पेढा हातात धरून तसाच बसला होता. सासूबाईंनी भाकीत केल्यासारखं आमचं नाव लागलं होतं खरं.

दिल्लीचं उत्तर मिश्राजींनी स्वतः आणून दिलं. कांजिण्या. तोवर जहाज एडनच्याही पुढे गेलेलं असणार. बाळू कधीच हुंदडायला लागला होता, पाल्याची अंघोळ, दहीभात सगळं रीतसर झालं होतं. मिश्राजी ओशाळून उभे होते. सासूबाईंनी त्यांना बसवलं, लसणीची खमंग फोडणी दिलेली आमटी वाढली, आणि ते जेवताना त्यांच्या आईची चौकशी केली. शशीने ताटात मीठ वाढलं. पावसाळ्यानंतर तो भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागला. भांड्यांना चकाकी देतो. आमच्या घरातली कढईही त्यानेच आणलेली.

मला वाटलं होतं सासूबाईही विसरल्या. पुढच्या पाडव्याला पहाटे तेलाच्या वासाने जाग आली. बघते तर दार सताड उघडं, चुलीवर कढई, आणि त्या एकट्याच पुरी तळताहेत, वारा रस्त्याकडे जातोय की नाही ते मधूनमधून बघत. पहिली पुरी त्यांनी शशीच्या ताटात टाकली. त्याने ती खाल्ली. तेव्हापासून दर वर्षी हेच, आणि पुरी लाटायला दर वर्षी मी, डोळे चोळत, चरफडत.

यंदा म्हटलं आता सांगावंच. रेडिओवर मागेच सांगितलं, आपल्या देशातून देवीचा रोग गेला. आता तर म्हणे जगात शोधूनही सापडत नाही. चांगली गोष्ट. मिश्राजींसारख्यांच्या पायांचे तुकडे पडले म्हणून ती झाली, हे मी कुणालाही सांगेन. म्हणून आज पहाटे लाटता लाटता मी म्हटलं, "आई, आता कोणी येत नाही हो तपासायला. रोगच उरला नाही. पुढच्या वर्षीपासून आपण जरा उजाडल्यावर तळू या?"

त्यांनी झारा कढईच्या काठावर आपटला. "हा गेला. दुसरा येईल. रोग बदलतो गो, दारात येऊन उभी राहणारी माणसं तीच असतात." मग दाराकडे बघून म्हणाल्या, "जरा बाजूला हो. वास अडतोय."

मी बाजूला झाले. शशी दारात दात घासत उभा होता, तोही सरकला.